लसणाला म्हणे कीड लागत नाही!

लसणाची लागवड सुरू झाली की आमच्या खटाव-फलटणकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. 'लसूण स्वतःच औषध आहे. उग्र वासाने कीड फिरकत नाही, मुळांमुळे जमिनीतली बुरशी मरते, म्हणून दरवर्षी त्याच वाफ्यात लावा. पात पिवळी पडली तर मूठभर युरिया फेका.' खाली हात जोडलेले.

आधी वासाचं बघू. अख्खी कुडी नाकाला लावा, फारसा वास येत नाही. ठेचली की नाक झणझणतं, कारण ते झणझणीत द्रव्य पेशी फुटल्यावरच तयार होतं. ठेचलेल्या लसणाच्या अर्काचा गुण उभ्या पिकाला चिकटवून चालत नाही.

खात्री करायची तर सकाळी रानात जा आणि रोपाची मधली पात हळूच उलगडा. बेचक्यात फिकट पिवळी, सुईच्या टोकाएवढी पिल्लं पळताना दिसतील. हेच फुलकिडे. पात खरवडून रस पितात, त्यावर पांढुरके चट्टे पडतात, शेंडे वाळतात. कांद्यावरही हीच कीड. लोणंदच्या बाजाराला कांदा पुरवणाऱ्या पट्ट्यात कांदा-लसूण बांधाला बांध लावून असतात. कांदा निघाला की किडीचा मुक्काम लसणावर. लागणीआधी महिनाभर कडेने मक्याच्या दोन ओळी केल्या तर वाऱ्याबरोबर येणारी कीड बरीच अडते. फवारणी करायची वेळ आलीच तर पाण्यात स्टिकर, म्हणजे औषध पातीला चिकटवून ठेवणारं द्रव्य, हवाच. मेणचट पातीवरून पाणी ओघळून जातं.

पिवळ्या पातीला युरिया, हा तर उलटा इलाज. पिवळेपणा फुलकिड्यांचा असेल, करपा या बुरशीच्या रोगाचा असेल, वाफ्यात पाणी तुंबल्याचाही असेल. दोन-चार दिवस आभाळ नि धुई राहिली की जांभळा करपा येतो: आधी पांढरट खोलगट ठिपका, मग त्याचा मधला भाग जांभळट. तिथे मँकोझेबसारखं बुरशीनाशक लागतं, आणि त्याने फुलकिडे मरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. जादा युरियाने पात लुसलुशीत होते ती किडीच्याच सोयीची, वर असा लसूण साठवणीत टिकत नाही.

'त्याच वाफ्यात लावा' हे मात्र सगळ्यात घातक. पांढरी सड करणाऱ्या बुरशीचे खसखशीएवढे काळे दाणे जमिनीत कित्येक वर्षं निजून राहतात. त्यांना जागं करतो तो कांदा-लसणाच्या मुळांतून पाझरणारा वासच! म्हणजे मेसेजवाल्याने ज्याला औषध म्हटलं, ते या बुरशीला जेवायचं आवतण आहे. एकदा सड दिसली की त्या वाफ्यात बरीच वर्षं कांदा-लसूण नको, गहू-हरभरा घ्या.

बेण्याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही. लसणाला बी धरत नाही, कुडीच लावावी लागते. तिच्याबरोबर विषाणू येतात, कोळीही (जाळं विणणारा नव्हे, पिकावरची बारीक कीड) येतो. पात पिळवटून एकमेकीत अडकली असेल तर संशय कोळ्यावर घ्या. बाजारातला जाड कुडीचा डोंगरी लसूण स्वस्तात मिळाला म्हणून लावू नका. त्याला गड्डा धरायला जास्त तास उजेड असणारे मोठे दिवस लागतात. आपल्याकडच्या हिवाळ्यात तो नुसती पात काढत बसतो.