मार्चमधली छाटणी : एका कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट रविवारी रात्रीच वाचली. लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण थांबले, कारण तुमचा एक मुद्दा खरा होता आणि आधी त्याचं काहीतरी करणं भाग होतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्यावरची एक नवी कादंबरी मी साठाव्या पानावर सोडली आणि मागच्या पोस्टमध्ये लिहिलं की नायक मार्चात द्राक्षाची फळछाटणी करतो, म्हणजे लेखकाला बागच माहीत नाही. त्यावर दादांचं म्हणणं असं, की साठ पानं वाचून अख्ख्या पुस्तकाचा निकाल लावणं हा अन्याय आहे, त्या माणसाने चार वर्षं घातलीत, कादंबरी म्हणजे काय कृषी खात्याचं माहितीपत्रक नाही, आणि मला म्हणे जुनं तेवढंच सोनं वाटतं.

पहिला मुद्दा मान्य. साठ पानं वाचून "मला पुढे जाता आलं नाही" एवढंच म्हणायचा हक्क होता मला, "पुस्तक फसलंय" म्हणायचा नव्हता. म्हणून सोमवारी सार्वजनिक वाचनालयातून ती परत आणली आणि चार दिवसांत शेवटच्या पानापर्यंत वाचली. आजी दवाखान्यात असताना सून डब्यातला भात तिला भरवते आणि दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत, ते प्रकरण मी दोनदा वाचलं. फार चांगलं आहे ते. मागच्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं, आलं नाही, ती चूक माझी.

पण छाटणीचा मुद्दा मी मागे घेणार नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, पिंपळगावच्या बाजूचं. आमच्याकडे माल निघून गेल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास घड धरण्यासाठीची फळछाटणी, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. कसमाद्यात, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा भागात, अर्ली छाटणी करतात हे मला ठाऊक आहे, पण ती जून-जुलैपासून, मार्चात नाही. मार्चात वेलीवर घड लटकलेले असतात आणि व्यापारी बांधावर उभा राहून भाव पाडत असतो. या कादंबरीत नायक मार्चात फळछाटणी करतो, आणि दिवाळीनंतर लगेच बहिणीचं लग्न रोख पैसे मोजून करतो. आता दिवाळीनंतर बागायतदाराच्या खिशात काय असतं? काही नसतं. छाटणी झालेली, औषधांची उधारी कृषी सेवा केंद्राच्या वहीत चढत चाललेली, आणि फुलोऱ्यात एक पाऊस पडला की डाऊनीची बुरशी, गळ, कुज, म्हणजे सगळं वर्ष गेलं. माझे वडील त्या दिवसांत जेवताना सुद्धा दारातून आभाळाकडे बघायचे. जानेवारीत पारा उतरला की पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या, मोटर चालू करून पाणी सोडायचं, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. पैसे हातात येणार ते माल कापल्यावर, आणि तेही व्यापारी बुडवून पळाला नाही तर. म्हणून आमच्याकडची लग्नं उन्हाळ्यात.

म्हणजे महिना चुकला तर नुसती माहिती चुकत नाही हो, त्या माणसाची भीतीच चुकते. ज्या महिन्यात त्याला झोप लागायला नको त्या महिन्यात तो मांडव घालून बसलाय, मग पुढे दोनशे पानं तो कर्जाने पिचलाय असं लेखक सांगत राहतो आणि माझ्या आत काही हलत नाही. आणि बागेत मजूर एकदाही दिसत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडून बायामाणसं टोळीने येतात, एकेक घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, मगात बुडवतात, विरळणीची छोटी कात्री दिवसभर चालवून बोटं सुजतात त्यांची. अख्ख्या कादंबरीत एकीच्या तोंडी एक वाक्य नाही.

जुनंच आवडतं म्हणालात, त्यावर सांगते. कृष्णात खोतांची रिंगाण, २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला ती. धरणात गाव गेलेली माणसं आणि मागे राहिलेली म्हैस. मी आयुष्यात म्हैस राखलेली नाही, तरी त्या रानात माझा जीव घाबरला. कविता महाजनांची ब्र २००५ ची, तिच्यात महिला सरपंच खुर्चीवर बसते तेव्हा नेमकं काय-काय अडतं ते असं येतं की नंतर आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेले तर मी वेगळंच बघायला लागले. सदानंद देशमुखांची बारोमास २००२ ची, शिकलेल्या पोराची शेती. आणि फक्त खेड्यातलंच नाही, सचिन कुंडलकरांची कोबाल्ट ब्लू घ्या, पुण्यातलं घर, एकाच पेइंग गेस्टवर जीव जडलेले भाऊ-बहीण. एवढीशी कादंबरी, पण त्या घराच्या खोल्या सुद्धा मला पाठ झाल्या. या लोकांचं लिहिणं मला आवडतं कारण ते ज्या जागेबद्दल लिहितात तिथे बराच वेळ थांबलेत हे कळतं.

हां, भालचंद्र नेमाड्यांची हिंदू ही कादंबरी मी दोनदा अर्ध्यात सोडलीये. त्यांची कोसला मला अतिशय प्रिय आहे आणि तरीही सोडलीये, सहाशे पानांत माझा धागा सुटत गेला. तेव्हा मी नव्यांनाच धारेवर धरते असं नका म्हणू.

खरा राग मला लेखकापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा येतो. ही छाटणी छापून कशी गेली? मौज प्रकाशनात संपादक श्री. पु. भागवत लेखकाला पुन्हापुन्हा लिहायला लावायचे, हे त्यांच्या लेखकांनीच लिहून ठेवलंय. आता हस्तलिखित कुणी नीट वाचतं तरी का? पिंपळगावच्या कुठल्याही बागायतदाराला एक फोन केला असता तर अर्ध्या तासात निस्तरलं असतं. चार वर्षं घातलेल्या माणसाच्या शेजारी कुणीतरी लाल पेन घेऊन बसायला हवं होतं, ते कुणी केलं नाही, आणि प्रकाशनाच्या दिवशी मात्र सगळ्यांनी "मैलाचा दगड" म्हणून टाळ्या वाजवल्या. मी त्या कार्यक्रमाला होते, नाशकात, कुसुमाग्रजांच्या गावात, पुस्तकाबद्दल इतकं गुळगुळीत बोललेलं ऐकून मला फार वाईट वाटलं.

तुम्ही लेखकाला ओळखता असं तुमच्या कमेंटवरून वाटलं. ओळखत असाल तर दवाखान्याच्या प्रकरणाबद्दल मी काय म्हणलं ते त्यांना जरूर सांगा. आणि दुसरी आवृत्ती निघणार असेल तर ऑक्टोबरात त्यांना आमच्या माहेरी घेऊन या, वडील आता सत्तरीचे आहेत पण छाटणीला अजून स्वतः उभे असतात. सकाळी सातच्या आत पोचायला लागेल.