‘एकदा पैसा ओता, पुढचे निसर्ग बघून घेईल’ : या संदेशाला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे गावोगावच्या मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो : विदर्भात अफाट जमीन रिकामी पडली आहे, तिथे एका हंगामात कोट्यवधी झाडे लावा, पैसा एकदाच लागेल, पुढचे निसर्ग बघून घेईल. पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. विधाने मात्र तिन्ही चुकीची आहेत.

सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनीला रिकामी म्हणणाऱ्याने एक दिवस गुराख्यासोबत काढावा. जिथे पवन्या आणि मारवेल हे चाऱ्याचे गवत उभे असते, तिथे सागासाठी खड्डे खोदले की गवत जाते, चराई बंद होते, मग उपाशी गुरे रोपांवर तुटून पडतात आणि खापर गावावर फुटते.

राज्यात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांसाठी अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी रोपांचे लक्ष्य होते. रोपे मोजायला सोपी असतात, एवढाच त्या आकड्यांचा गुण. तेंदू आणि पळस यांना मुळांतून फुटवे येतात. वणवा आणि चराई काही वर्षे आवरली, तर अनेक ठिकाणी खड्डा खणण्याची गरजही उरत नाही.

खरी गफलत पैशाविषयी आहे. भंडारा-गोंदियातील मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, पाहा. तिथली बेशरम, म्हणजे तलावात माजणारे झुडूप, मुळासकट उपटावी लागते, कारण खोडाचा तुकडा चिखलात राहिला तरी तो पुन्हा फुटतो. हे काम पाणी उतरल्यावर उन्हाळ्यात करायचे, पावसाच्या सुरुवातीला स्थानिक पाणवनस्पती लावायच्या आणि पुढच्या वर्षी उरलेली बेशरम पुन्हा काढायची. कोणती वनस्पती माशांना मानवते, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायाबापड्यांना ठाऊक असते. अंदाजपत्रकात मात्र जेसीबीचे तास असतात, आणि तो जेसीबी नेमका उथळ काठच खरवडून टाकतो, जिथे या वनस्पती रुजतात.

निधीच नाही, हेही खरे नव्हे. २०१६ च्या भरपाई वनीकरण कायद्यानुसार वनजमीन इतर कामांसाठी वळवल्याबद्दल जमा होणाऱ्या रकमेचा ९० टक्के वाटा राज्यांना मिळतो. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपले जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा हक्क, मिळाला. तिथे रोजगार हमीतून लागवड झाली आणि सीताफळ, तेंदूपाने विकून ग्रामसभेकडे स्वतःचा पैसाही येऊ लागला. पाचव्या वर्षी राखणदाराची मजुरी कुठून द्यायची, याचे उत्तर त्या गावाकडे आहे. संदेशातल्या कोट्यवधी झाडांसाठी ती मजुरी कोणत्या रकान्यात धरली आहे, तेवढे पाठवणाऱ्यांनी सांगावे.