कात्री नेमकी कुठे लावायची?

'छावा' या हिंदी चित्रपटाचा ट्रेलर जानेवारी २०२५ मध्ये आला आणि महाराष्ट्रात वाद पेटला तो लेझीमवरून. संभाजी महाराज येसूबाईंबरोबर लेझीम खेळताना दिसले, अनेकांची मनं दुखावली, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटले आणि ते दृश्य काढायचं ठरलं. कोल्हापूरच्या माझ्या मावसभावाचं म्हणणं होतं, "महाराज आमच्या देव्हाऱ्यात आहेत, तिथं नाच नको." त्याची श्रद्धा खरी आहे, तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण गेली बरीच वर्षं बर्लिनमध्ये राहतोय, आणि इथं युद्धपटांवरचे वाद वेगळ्याच मुद्द्यावर होताना पाहिले आहेत.

उदाहरण देतो ते ज्याँ-जाक आनो यांच्या 'एनिमी ॲट द गेट्स'चं. २००१ च्या बर्लिन महोत्सवाचा पडदा याच चित्रपटानं उघडला. कथा दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईची, पण चित्रीकरण बरंचसं बर्लिनच्या आसपास झालेलं. सोव्हिएत स्नायपर, म्हणजे दडून नेम धरणारा सैनिक, वासिली झायत्सेव आणि त्याला टिपायला जर्मनीहून पाठवलेला मेजर कोनिग यांची झुंज, आणि तिच्या जोडीला तान्या. तिच्यावर वासिलीचाही जीव आणि त्याचा मित्र, राजकीय अधिकारी दानिलोव, याचाही.

त्यातलं प्रेमाचं दृश्य मी विसरलेलो नाही. खंदकात सैनिक दाटीवाटीनं झोपलेत, अंगावर मळके कोट, आणि त्या रांगेतच तान्या हळूच वासिलीच्या पांघरुणात शिरते. शेजारी कुणी जागं होऊ नये म्हणून दोघांचा श्वास कोंडलेला. सकाळी यातलं कोण जिवंत असेल याची खात्री नाही. मला अख्ख्या चित्रपटात सर्वांत खरं वाटलं ते हेच. रेड आर्मीत, म्हणजे सोव्हिएत सैन्यात, स्त्रिया स्नायपर होत्याच. ३०९ जणांना टिपल्याची नोंद असलेल्या ल्युदमिला पावलिचेंको यांचा जोडीदारही स्नायपर होता, तो १९४२ मध्ये सेवास्तोपोलच्या लढाईत गेला. आघाडीवर माणसं प्रेमात पडत होती, हा इतिहासच आहे.

आक्षेप आले ते दुसरीकडून. स्टालिनग्राडला लढलेले काही वृद्ध सैनिक रशियन संसदेत, डुमात, गेले आणि त्यांनी बंदी मागितली. बंदी आली नाही. रेड आर्मीचं चित्रण त्यांना अपमानास्पद वाटलं होतं. सुरुवातीलाच एकाला बंदूक, मागच्याला नुसत्या गोळ्या, आणि माघारी फिरेल त्याला आपल्याच लोकांची मशीनगन. माघार घ्यायची नाही हा जुलै १९४२ चा हुकूम खरा, पण पडद्यावर उरते ती मेंढरांसारखी हाकलली जाणारी फौज. आणि मेजर कोनिग? झायत्सेवनं त्या द्वंद्वाची हकीकत सांगितली आहे, पण असा कुणी मेजर होता याचा जर्मन कागदपत्रांत पुरावा मिळालेला नाही.

माझ्या शेजारच्या जर्मन आजींचे वडील स्टालिनग्राडला बेपत्ता झाले. व्होल्गोग्राडजवळ (स्टालिनग्राडचं आजचं नाव) रोसोश्का इथल्या दफनभूमीत ग्रॅनाइटचे मोठे ठोकळे आहेत, त्यांवर अशा लाखभर बेपत्ता सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत त्यांचंही. प्रेमकथेबद्दल आजींची काहीच तक्रार नव्हती. त्या चिडल्या त्या द्वंद्वावर. थंडीनं, उपासमारीनं लाखो माणसं मेली आणि शेवटी लक्षात राहतात दोन नेमबाज, असं त्या म्हणाल्या.

जर्मनांना त्या युद्धातला आपला वीर जपायचा नसतो, म्हणून त्यांना हे सोपं जातं, हे मी मान्य करतो. आपल्याकडे तसं नाही. तरीही मला वाटतं, आपण चुकीच्या जागी पहारा देतो. महाराजांच्या हत्येनंतर येसूबाई शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या त्या १७१९ मध्येच सुटल्या. जवळपास तीस वर्षं! त्या दोघांना पडद्यावर काही क्षण हसताना पाहिलं तर महाराजांचं काय उणं होतं? उलट पुढं काय हिरावलं गेलं ते त्यातूनच कळतं.

'छावा'तच फितुरीचा ठपका गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्यावर आला. वंशजांनी हरकत घेतली, अब्रुनुकसानीची नोटीस दिली, उतेकरांनी माफी मागितली. हा प्रश्न खरोखर इतिहासाचा होता: पुरावा कोणता, समकालीन की नंतरच्या बखरीतला, आणि कुणाच्या सोयीचा? त्यावर लेझीमच्या निम्मीही चर्चा माझ्या वाचनात आली नाही, आणि मला वाईट वाटतं ते याचंच.