पाऊस एका थेंबाचा नसतो

अनेकांनी मिळून गायलेल्या कोरसलाही गाणं मानायला आपली माणसं अजून तयार नाहीत, याची मला खरोखर चीड येते. कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांची 'मिनीवांका' ही रचना मी जुन्या मित्रांना ऐकायला पाठवली. एकाचं लगेच उत्तर आलं: तोंडाने पावसाचे आवाज काढणं ही शाळेतली गंमत झाली, आपल्याकडे मल्हार आहे, तिथे एकटा गवई पाऊस उभा करतो. बाकीच्यांनीही त्याचीच री ओढली.

मल्हार मलाही प्रिय आहे. पण पावसात माणसाचं काय होतं, ते मल्हार सांगतो. 1971 सालच्या 'मिनीवांका'त माणूस बाजूला होतो आणि पाणीच वाहत जातं: आधी पाऊस, मग ओढे, नद्या, शेवटी समुद्र. शब्द आहेत ते उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधली पाण्याची नावं. कागदावर नेहमीच्या नोटेशनऐवजी वळणावळणाच्या रेषा. वेगवेगळ्या गळ्यांतून सुटी अक्षरं पडू लागतात आणि बघता बघता सर येते. हे एका गवयाचं काम नाही, तो कितीही मोठा असो.

शेफर नुसते लिहीत नव्हते, ऐकतही होते. सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या त्यांच्या चमूने व्हँकुव्हर शहराचे आवाज ध्वनिमुद्रित केले, 1973 मध्ये ते प्रसिद्धही झाले. आपल्याकडे आवाजाची चर्चा डेसिबलच्या कोर्टकज्ज्यांपुढे जात नाही.

आणि कोरस परका कसा? संगीतकार सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे युथ क्वायर हा गायकवृंद सुरू केला तो 1958 मध्ये. वारीत टाळकऱ्यांच्या रांगा गात चालतात, तिथे एकट्याचा गळा कोण शोधतो? वारीत सगळे एकच चाल गातात आणि क्वायरमध्ये चार वेगळ्या चाली एकाच वेळी चालतात, एवढा फरक मान्य.

मी इथे कॅनडात एका हौशी क्वायरमध्ये बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गातो. मंगळवारी, चर्चच्या तळघरात, ओले बूट दाराशी काढून. लहानपणी गळ्यात बसलेली मींड आमच्या संचालिका दर वेळी सरळ करून घेतात, आणि मी ती करतो, कारण शेजारच्याच्या सुरात माझा सूर वेगळा दिसून चालत नाही. मित्र म्हणतात, म्हणजे तू आवाज घालवलास. हे मला लागतं. घरी एकटा मल्हार गुणगुणतो तेव्हा मींड पूर्वीसारखी उतरत नाही, ते मलाच ऐकू येतं.

'मिनीवांका' आम्हीही गातो. तिच्यातलं पाण्याचं एकही नाव माझ्या भाषेतलं नाही. ती ज्यांची आहेत, त्यांच्यापैकीही आमच्यात कुणी नाही, आणि हे मला खटकतं. तरी सगळे आवाज समुद्रात मिसळतात तेवढा वेळ, तू मूळचा कुठला, असं मला कुणी विचारत नाही. एरवी इथे तो प्रश्न पाठ सोडत नाही, आणि मित्रांच्या लेखी मी आता कॅनडावाला आहे.