हाताची घडी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. रामबागेतून एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही लांबणारच. तुमचं म्हणणं असं, की ज्याला शब्द कमी पडतात तो बोलताना हात नाचवतो, पोरं ही सवय मोठ्यांचं बघून उचलतात आणि शाळेतलं ‘हाताची घडी, तोंडावर बोट’च बरं होतं. वर दाखला आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गातानाच्या स्थिर बैठकीचा. आणि शेवटी प्रश्न, की मूकबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे तरी हातवारेच ना?

‘बघून उचलतात’ हे काही टिकत नाही. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग 1998 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. जन्मापासून दृष्टी नसलेली मुलंही बोलताना हात हलवत होती. ऐकणाराही दृष्टिहीन आहे हे ठाऊक असताना! मग ते हात कुणाला दाखवायला हलत होते? हातवाऱ्यांची तऱ्हा मात्र शिकलेली असते, हे कबूल. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले आयमारा लोक गेलेल्या काळाबद्दल बोलताना हात पुढे करतात, आपण मागे.

आता शब्दांच्या टंचाईचं. लहान मुलासमोर उंच पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओता. ते म्हणेल, “कमी झालं, हे बघ कुठपर्यंतच आलंय.” आणि बोलता बोलता दोन्ही पंजे फाकवून भांड्याची रुंदी दाखवेल. रुंदीचा विचार हातापर्यंत आलाय, जिभेवर यायचाय. गोल्डिन-मेडो आणि ब्रेकिन्रिज चर्च यांनी 1986 मध्ये दाखवलं, की तोंड एक आणि हात दुसरं सांगत असलेल्या मुलांना त्याच गोष्टीची शिकवणी जास्त लागू पडते. घडी घालून बसवलेल्या मुलाचं हे बाईंना दिसणार कसं?

मोठ्यांचंही तेच. राजवाड्यासमोर कुणाला पत्ता विचारा. तोंडाने “उजवीकडे वळा” म्हणेल आणि हात डावीकडे जाईल. मी तरी हाताचंच ऐकतो.

राहिले खाँसाहेब. अहो, हवेत अख्खी तान रेखणारे गवईही आपण ऐकलेत की. त्यांच्याकडे काय सुरांची वानवा होती? कुणाचे हात फार बोलतात, कुणाचे कमी. त्यावरून विद्वत्ता मोजू नये एवढंच.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. मूकबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे, मराठीला आहे तसंच. त्यावर वेगळं लिहितो, इथे दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही.