टकल्या उठला का?

आज दुपारी जेवायला आलेल्या आमच्या एका ज्येष्ठ नातेवाइकांनी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीसमोर एक वाक्य उच्चारले आणि ते अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही. जेवणे आटोपून आम्ही बापलेक अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीची, रेसलमेनिया १३ या जुन्या कार्यक्रमातली ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची लढत पाहत बसलो होतो. हे गृहस्थ सोफ्यावर टेकले, सुपारी कातरत दोन मिनिटे त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि तिला म्हणाले, "बाळा, हे सगळं खोटं असतं. तुझ्या बाबाला अजून कुणी सांगितलेलं नाही." खोलीतले सगळे हसले. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. ऑस्टिन त्या वेळी शार्पशूटर या दोन्ही पाय मुडपून धरणाऱ्या डावात अडकलेला होता, कपाळातून वाहणारे रक्त त्याच्या दातांपर्यंत आले होते, आणि नेमक्या त्या क्षणी पडदा काळा झाला. नाव घेत नाही. ते माझ्या मित्रयादीत आहेत आणि हे वाचतीलच.

तर काका, हे ठरवून केलेले असते, हा शोध तुम्ही लावलेला नाही. हे कार्यक्रम करणाऱ्या खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीने १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकले होते की आमचा खेळ स्पर्धा नसून करमणूक आहे, कारण स्पर्धा म्हटले की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागे लागतात. म्हणजे मी चौथी-पाचवीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळत होतो, ब्रेट हार्टचा पत्ता हातातून गेला की रडत होतो, त्याच्या कितीतरी आधी हे गुपित राहिलेले नव्हते. आणि माझ्या घरात तर ते मला खुद्द आजोबांनीच सांगितले होते.

आजोबा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावचे पैलवान. मोठे नाव नव्हते, पण आसपासच्या जत्रांच्या फडात नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून पुढे ते चार पैशांच्या जोडीपर्यंत पोहोचले होते, आणि दोन्ही कान मोडून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. १९९८ च्या मे महिन्यात आम्ही पोरांनी वर्गणी काढून तालुक्याच्या गावाहून व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणल्या. त्यातल्या एकीत हा रेसलमेनिया होता. अमेरिकेतल्या माणसाला असा कार्यक्रम केबल कंपनीकडे वेगळे पैसे भरून घरी पाहावा लागे, म्हणून त्याला पे-पर-व्ह्यू म्हणत. आम्हाला तो वर्षभराने आणि मधूनमधून मुंग्या येणाऱ्या चित्रात मिळाला. आजोबा पडवीत घोंगडीवर बसले होते. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी निकाल दिला, "नुरा हाय ही." म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली कुस्ती. ज्याने आयुष्यभर फडात नुरा कुस्ती करणाऱ्यांवर माती उधळली, त्याला हे ओळखायला वेळ लागणार नव्हता. पण हा निकाल दिल्यावर ते उठून गेले नाहीत, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

पुढचे सांगण्याआधी हे भांडण कशाचे होते ते सांगतो, कारण काकांनी शेवटची दोन मिनिटे पाहून मत दिले आणि या धंद्यात दोन मिनिटे पाहणे म्हणजे कीर्तनाच्या आरतीला येऊन बुवांचे मूल्यमापन करण्यासारखे आहे. रॉ या सोमवारच्या टीव्ही कार्यक्रमात आठवड्यामागून आठवडा गोष्ट रचली जायची आणि रविवारच्या पे-पर-व्ह्यूमध्ये तिचा हिशोब चुकता व्हायचा. ब्रेट हा सज्जन नायक. गुलाबी-काळा पोशाख, रिंगजवळच्या एखाद्या लहान मुलाला स्वतःचा चष्मा काढून देणारा, कॅनडातल्या कॅल्गरीच्या कुस्तीगीर घराण्यातला. मार्च १९९६ मध्ये रेसलमेनिया १२ ला साठ मिनिटांच्या लढतीनंतर जादा वेळेत तो शॉन मायकल्सकडून किताब हरला आणि काही महिने घरी बसला. तेवढ्यात इकडे ऑस्टिन नावाचा टक्कल केलेला, शिवराळ, कुणालाही न जुमानणारा माणूस वर आला. नोव्हेंबरमध्ये परत येऊन ब्रेटने त्याला हरवले, पण जानेवारी १९९७ च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे रिंगबाहेर फेकला गेला तो बाद अशा अनेकांच्या लढतीत, ब्रेटने बाहेर फेकलेला ऑस्टिन पंचांचे लक्ष नाही असे पाहून गुपचूप आत शिरला आणि त्यानेच शेवटी ब्रेटला बाहेर काढले. फेब्रुवारीत ब्रेटने किताब जिंकला, तो दुसऱ्याच दिवशी सिड नावाच्या पैलवानाने काढून घेतला. रेसलमेनियाच्या आदल्या सोमवारी तो पिंजऱ्यातल्या लढतीतही हरला, आणि मग त्याने कंपनीचा मालक असून तेव्हा समालोचक म्हणून वावरणाऱ्या व्हिन्स मॅकमोहनला ढकलून देऊन, चालू कार्यक्रमात शिव्या घालत आपले गाऱ्हाणे मांडले.

आता यातली गंमत पाहा. त्याची प्रत्येक तक्रार खरी होती. त्याला फसवले होते, पंचांनी पाहिले नव्हते, कंपनीने दाद दिली नव्हती. पण खरी तक्रारसुद्धा माणूस दहाव्यांदा सांगू लागला की लोक त्याच्या तोंडाकडे पाहणे सोडतात. आपल्या प्रत्येकाच्या कार्यालयात असा एक जण असतो, ज्याची बढती खरोखरच हुकलेली असते आणि ज्याच्या टेबलावरून आपण वाट वाकडी करून जातो. याउलट ऑस्टिन लबाड होता, पण त्याने कधी रडगाणे गायले नाही. (मी ही पोस्ट लिहितो आहे, म्हणजे मीही आज ब्रेटच झालो आहे आणि तुमच्यातले निम्मे जण आतापर्यंत काकांच्या बाजूला गेले असतील, हे मला कळते आहे.)

२३ मार्च १९९७, शिकागोजवळचे रोझमोंट होरायझन. अट अशी की पाठ टेकवून चालणार नाही, समोरच्याच्या तोंडून हार वदवून घ्यावी लागेल. पंच म्हणून खऱ्याखुऱ्या झुंजीतून, यूएफसी या मारामारीच्या स्पर्धेतून आलेला केन शॅमरॉक. दोघे प्रेक्षकांमध्ये घुसून भांडले, खुर्ची झाली, घंटा झाली, ऑस्टिनने वायरीने ब्रेटचा गळा आवळला. आजोबा मध्येच चिडून म्हणाले, "अरं, ह्याची पाठ चार वेळा लागली, पंच झोपलाय का?" मी त्यांना अट समजावून सांगितली. ते गप्प झाले आणि घोंगडीवरून पुढे सरकले. शेवटी ब्रेटने ऑस्टिनचे दोन्ही पाय मुडपून त्याला पालथे घातले. शॅमरॉक वाकून विचारतो आहे, ऑस्टिन मान हलवून नाही म्हणतो आहे, तोंडावर रक्ताचा पडदा, एकदा तर त्याने जोर लावून ब्रेटला जवळजवळ उलथवून टाकले. तेव्हा माझे आजोबा, नुरा म्हणून निकाल देऊन बसलेले माझे आजोबा, पडवी हलेल अशा आवाजात टीव्हीवर ओरडले, "सोडवा की कुस्ती!"

कुणी सोडवली नाही. ऑस्टिन शुद्ध हरपून पडला, पण त्याने तोंडाने हार मानली नाही. शॅमरॉकने लढत थांबवून ब्रेटला विजयी घोषित केले. ब्रेटने तिथे थांबायला हवे होते. त्याने त्या बेशुद्ध माणसाच्या पायावर पुन्हा घाव घालायला सुरुवात केली, तेव्हा शॅमरॉकने त्याला कंबरेत धरून आपटले आणि ब्रेट त्याच्याशी न लढताच निघून गेला. आत येताना टाळ्या घेणारा नायक शिव्याशापांत बाहेर गेला, आणि आत येताना खलनायक असलेला ऑस्टिन मदतीचा हात झिडकारून, लंगडत, आपल्या नावाच्या जयघोषात बाहेर पडला. एकाच लढतीत दोन माणसांनी जागा बदलल्या.

हे खोटे आहे? कुणी जिंकायचे हे आधी ठरलेले होते, मान्य. पण अठरा-एक हजार लोकांनी कुणावर जीव टाकायचा हे कागदावर लिहून होत नाही, काका. ते रिंगमध्ये अंग झिजवून मिळवावे लागते, आणि चुकले तर लोक जागच्या जागी सांगतात. रक्तही खरेच होते. कंपनीची त्या काळी रक्ताला मनाई होती, आणि तरी त्या दोघांनी आपसात ठरवून ते केले. ऑस्टिनच्या कपाळावर ब्रेटनेच पाते चालवले. या धंद्याने माणसे गिळली आहेत हेही मला मान्य आहे, ब्रेटचा सख्खा भाऊ ओवेन मे १९९९ मध्ये अशाच एका पे-पर-व्ह्यूत छताकडून दोरावर खाली उतरताना पडून मेला आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण तो वेगळा आरोप आहे. तो करायचा तर पूर्ण माहिती घेऊन करा, सुपारी कातरत करू नका. रोज रात्री मालिकेतल्या सुनेच्या छळाने तुमच्या घरात डोळे पुसले जातात, तेव्हा तुम्ही कुणाला सांगायला जात नाही की ती बाई संध्याकाळी सासूबरोबर एकाच गाडीतून घरी जाते.

आणि खोट्याबद्दलच बोलायचे तर त्याच वर्षीचा मॉन्ट्रियल ऐका. ९ नोव्हेंबर १९९७, सर्व्हायव्हर सिरीज. ब्रेटकडे किताब होता, तो कंपनी सोडून डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत चालला होता, आणि त्याला आपल्या कॅनडात, तेही ज्याच्याशी त्याचे खरोखरचे वैर होते त्या शॉन मायकल्ससमोर हरायचे नव्हते. निर्णय न लागता लढत संपेल, असे त्याच्याशी ठरले होते. लढतीत शॉनने त्याच्यावर शार्पशूटर लावला, ब्रेटचाच डाव, आणि व्हिन्स मॅकमोहनने रिंगच्या कडेला उभे राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेटने हार मानलेली नव्हती. समजून आले तेव्हा तो व्हिन्सच्या तोंडावर थुंकला. शिकागोत ऑस्टिनने त्या डावात हार मानली नाही आणि तो हरला, तो ठरवलेला प्रकार होता. आठ महिन्यांनी ब्रेटनेही त्याच डावात हार मानली नाही आणि तो हरला, आणि हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. यातले खरे कोणते आणि खोटे कोणते, हे काकांनी मला एका वाक्यात सांगावे. पुढे त्याच व्हिन्सला खलनायक करून आणि ऑस्टिनला त्याच्या छातीवर बसवून कंपनीने अमाप पैसा मिळवला. ब्रेट बारा वर्षांहून अधिक काळ, जानेवारी २०१० पर्यंत, रॉवर परतला नाही.

मी तेव्हाही ब्रेटच्या बाजूचा होतो. कॅसेट संपल्यावर मी आजोबांना म्हणालो, "बघा, आमचा जिंकला." ते म्हणाले, "कसला जिंकला? पाठीचा नेम न्हवता, आन् तोंडानं तो न्हाई म्हणला. मग हरला कोन?" मला उत्तर देता आले नाही. रागाने मी झोपायला गेलो. पहाटे गोठ्यात ते म्हशीची धार काढत होते, मी तांब्या घेऊन उभा होतो, आणि चरवीकडची नजर न काढता त्यांनी विचारले, "त्यो टकल्या उठला का रं पुन्यांदा?" नुरा आहे हे त्यांना पक्के माहीत होते. तरी रात्रभर तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे तसाच पडून होता. त्यानंतर कॅसेट परत जाईपर्यंत त्यांनी ती शेवटची दहा मिनिटे दोनदा लावायला सांगितली, आणि दोन्ही वेळा त्याच जागी ओरडले.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा उतरला आहे. काका वाईट नाहीत. त्यांनी मला लहानपणी सायकल शिकवली आहे, आणि त्यांना कुणी घोंगडीवर बसवून ही लढत पहिल्यापासून दाखवली नाही, हा त्यांचा दोष नव्हे. पुढच्या रविवारी त्यांनी जरूर यावे, फक्त दीड तास आधी यावे.

मगाशी नऊच्या सुमारास मुलगी माझ्या खोलीत आली. थोडा वेळ दारातच घुटमळली आणि म्हणाली, "बाबा, तो रक्तवाला हो म्हणाला का शेवटी?" मी टीव्ही लावला. जिथे बंद केला होता तिथूनच सुरू झाले. ऑस्टिन निपचित पडला, ब्रेट त्याच्या पायाशी पुन्हा गेला, तेव्हा ती उशी आवळून ओरडली, "अरे, सोड ना त्याला आता!" मग लढत संपल्यावर तिने जाहीर केले की ब्रेट अत्यंत वाईट माणूस आहे आणि मला तो आवडतो याचे तिला आश्चर्य वाटते. मी वाद घातला नाही. उद्या शाळेतून आली की तिला ६ जुलै १९९७ चा कॅल्गरीचा कार्यक्रम दाखवणार आहे, ज्यात ब्रेटचे म्हातारे आईवडील पहिल्या रांगेत बसले आहेत, सगळे स्टेडियम ब्रेटसाठी उभे आहे आणि टकल्या आला की त्याची हुर्यो उडवते आहे.