पोरगी ते शोधायला गेली नव्हती

गेल्या आठवड्यापासून सांगलीतल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: अठराच्या आतल्या मुलांना पॉर्नपासून लांब ठेवणारा कायदा करणं म्हणजे निव्वळ देखावा. ज्याला बघायचंय तो व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारं ॲप) लावून बघतोच. २०१८ला बंदी घातली, काय झालं? पोरांवर लक्ष ठेवणं आईबापांचं काम आहे. आणि आज हे बंद केलं, तर उद्या तुमच्या बोलण्यावर बंदी येईल.

माझं विश्रामबागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घराघरातले फोन रोज हाताखालून जातात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी व्हीपीएन. मागे तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार फोन घेऊन आले. "सारख्या घाण जाहिराती येतात," एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून काउंटरपाशी उभे राहिले. फोन सहावीतल्या मुलीच्या अभ्यासाचा. फुकट कार्टून दाखवणाऱ्या कुठल्या तरी साइटवर तिनं 'अलाउ' दाबलं होतं, आणि तेव्हापासून दर थोड्या वेळानं स्क्रीनवर नागडी चित्रं उतरत होती. तीन दिवस तिनं फोनला हात लावला नाही आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी त्या साइटची परवानगी काढली. दोन मिनिटांचं काम. "परत येणार नाही ना?" त्यांनी विचारलं. "या साइटवरून नाही येणार," एवढंच मला सांगता आलं.

या पोरीनं कुठलं व्हीपीएन लावलं होतं? ती काही शोधायला गेलीच नव्हती. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून पॉर्न साइटना वय खरोखर तपासावं लागतं, 'मी अठराचा आहे' हे बटण पुरत नाही. त्यानंतर तिथं व्हीपीएन घेणारे भरमसाट वाढले, हे खरंच आहे. सतरा वर्षांचा हट्टी मुलगा वाट काढेल, हे मी मान्य करतो. पण कायदा मागायचा तो अकरा वर्षांच्या पोरीसाठी. वय तपासल्याशिवाय एकही चित्र दिसता कामा नये, जाहिरातीतलंसुद्धा.

२०१८चा दाखला तर इथे लागूच होत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारनं ८२७ साइट सगळ्यांसाठीच बंद करायला लावल्या होत्या. त्यात वयाचा प्रश्नच नव्हता. नाव थोडं बदलून साइट परत उघडल्या, कारण भार सगळा इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांवर होता, साइट चालवून पैसा कमावणारा मोकळाच. ब्रिटनच्या कायद्यात त्याच्या जगभरातल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. आपल्याकडे मुलाला असलं काही दाखवणारा माणूस पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या, कलम ११मध्ये सापडतो, पण परदेशात बसलेली साइट एका बटणावर सुटते. मी मात्र अठराच्या आतल्या पोराच्या नावावर साधं सिम देऊ शकत नाही.

आता आईबाप. या मुद्द्याचा मला खरा राग येतो. स्मार्टफोन गेल्या काही वर्षांत घरात आलेला, आई दिवसभर द्राक्षाच्या छाटणीला, आणि म्हणे तिनं सेटिंग बघावीत! पूर्वी लोक माझ्याकडे मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला यायचे. गणवेशातलं पोर 'तसलं' मागायला आलं, तर मी हाकलून द्यायचो. सगळेच दुकानदार हाकलत नव्हते, तरी मध्ये कुणीतरी मोठं माणूस उभं असायचं. आज कुणी नाही. आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. एका घरानं असं ठरवलं असतं, तर पोरांनी 'शेजारी तर चालू आहे' म्हणून दोन दिवसांत मोडून काढलं असतं. गावानं मिळून ठरवलं, म्हणून आईबापांच्या शब्दाला वजन आलं. कायद्यानंही तेच होईल.

राहिली बोलण्यावरच्या बंदीची भीती. ती मला खोटी वाटत नाही. र. धों. कर्व्यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक शास्त्र सांगितलं, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ला बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. म्हणून शरीराची, आरोग्याची माहिती आणि शाळेतलं लैंगिक शिक्षण यांना हात लागणार नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं हवं. सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्रण बाळगणं गुन्हा ठरवलं, त्याच निकालात लैंगिक शिक्षणाची गरजही मांडली.

आणि हो, मोठ्यांचं आधार कार्ड अशा साइटच्या हाती पडावं, असंही मला वाटत नाही. वय तिसऱ्यानंच तपासावं, साइटला फक्त 'अठरा पूर्ण' किंवा 'नाही' एवढंच कळावं, नाव नाही, नंबर नाही, आणि तपासणाऱ्यानं नोंद ठेवली तर त्यालाही शिक्षा व्हावी.